लोणी देवकरचं बंदर

मी गुराब बोलतेय. गुलाब नव्हे, गुराब. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला बघायला येणारी निम्मी माणसं 'कुठंय ते गुलाब' असं विचारत येतात आणि मला बघून जरा हिरमुसतात.

गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. पुढचं टोक लांब आणि निमुळतं, वर डोलकाठ्या, त्यांना शिडं, आणि तोंडाशी तोफा. माझ्या थोरल्या बहिणी कोकणच्या किनाऱ्यावर फिरंग्यांच्या मागे लागत असत. मी त्यांची धाकटी. अंगानं शेळीच्या करडाएवढी. मी अजून कुणाच्या मागे लागलेली नाही. लढाई म्हणाल तर एकदा मांजराशी झाली, ती मी जिंकले, कारण मांजराची शेपटी माझ्या दोरांत अडकली होती.

माझा जन्म समुद्रापासून इतक्या लांब झाला, की खारं म्हणून मी जे काही बघितलं ते शेंगदाणेच. जन्मगाव लोणी देवकर, तालुका इंदापूर. तिथल्या एमआयडीसीत एक कंपनी यंत्रं भरायची लाकडी खोकी तयार करायची. त्या खोक्यांतून उरलेल्या फळ्या हे माझं माहेर. माझ्या पोटात वाकून बघितलंत तर एका फळीवर छत्रीचं चित्र दिसेल. हा माल भिजू देऊ नये, असा त्याचा अर्थ. जहाजाच्या पोटात असं चित्र असणं बरं नाही, पण लाकूड निवडायची सोय मला नव्हती.

मला घडवणारा नागेश. काटेवाडीच्या बिरूआबांचा एकुलता एक मुलगा. बिरूआबा म्हणजे तरुणपणी मेंढरांमागं मुलूख पालथा घातलेला माणूस. पुढं मेंढरं विकली, कॅनॉलच्या पाण्यावर जमिनीचा तुकडा भिजायला लागला, आता ऊस आणि दारात चार शेळ्या. घरात आबा, त्यांची बायको साखरबाई आणि वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा नागेश. कारण नागेश 'बोटीवर' होता.

म्हणजे गाव तसं म्हणायचं. बिरूचं पोरगं बोटीवर हाय. कुठल्या बोटीवर, हे विचारलं की साखरबाई हात पूर्वेकडं करायच्या आणि बिरूआबा पश्चिमेकडं.

खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण मी तिथंच जन्मले. नागेश बोटीवर काम मिळवायला मुंबईला गेला होता हे खरं. निघताना गावानं हार घातला होता हेही खरं. मुंबईत डोळे तपासले. रंगीत ठिपक्यांचं एक पान पुढं धरलं आणि आत कुठला आकडा दिसतो ते विचारलं. नागेशला त्यात आकडा दिसेना. त्याला तांबडं आणि हिरवं सारखंच दिसतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यालाच कळलं. बोटीवर तांबड्या-हिरव्या दिव्यांची ओळख लागते. त्याला घरी पाठवलं. तो एसटीत बसला, पण गावातल्या हाराची आठवण झाली आणि गावापर्यंत यायचा धीर होईना, म्हणून गावाची वाट सोडून पुढं लोणी देवकरला उतरला. तिथं खोक्यांच्या कंपनीत चिकटला आणि घरी निरोप धाडला, 'बोट मिळाली.'

आता एकदा बोट मिळाली म्हटल्यावर ती चालवावी लागते. नागेशनं ती जोरात चालवली. सुट्टीवर आला की पारावर बसून असं काही सांगायचा, की चहाच्या हॉटेलातले लोक कप हातात घेऊन पारावर यायचे. 'समुद्रात बारामतीच्या रस्त्यापरास मोठं खड्डं असत्यात. त्यात बोट गेली की दुसऱ्या दिवशी वर येतीय, तवर जेवणं आतच.' येताना आईला दुबईचा साबण आणायचा. तो इंदापूरच्या बाजारातला असायचा. साखरबाईंनी त्यातला एकही वापरला नाही. सगळे ट्रंकेत घालून ठेवले, त्यामुळं लुगड्यांना दुबईचा वास यायचा.

अशी बोट आणखी किती वर्षं चालली असती कोण जाणे. पण नागेशच्या लग्नाचं बघायला लागले.

कन्हेरीच्या सिद्धूतात्यांची मुलगी, मनिषा. शिलाई मशीन चालवायची, निम्म्या कन्हेरीची झंपरं तिच्या हातची. नागेश पोहे खायला गेला. पोह्यांबरोबर त्यानं देवमासा काढला. एकदा एक देवमासा बोटीला अंग घासायला आला, म्हैस कशी लिंबाला घासती तसा. बोट कलली. कप्तान म्हणाला, नागेश, तू गावाकडचा, तूच बघ. मग नागेशनं खाली वाकून त्याच्या कानामागं खाजवलं, तेव्हा तो गेला.

सगळे माना डोलवत होते. मनिषा म्हणाली, "देवमाशाला कान असत्यात?"

"असत्यात की. मोठं असत्यात."

"मग पाणी जात न्हाय आत?"

आजवर नागेशला कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तो पोहे खायचा थांबला आणि तिच्याकडं बघतच राहिला. हे सगळं मला त्यानं स्वतःच सांगितलं, माझ्या फळ्या घासता घासता. एकटा माणूस लाकडाशी बोलतो तसा. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं मला माझा कणाच तयार झालेला असताना सांगून टाकलं.

सिद्धूतात्यांना बोट फार आवडली होती. कन्हेरीत कुणाचा जावई बोटीवर नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "बोटीवरला एखादा फोटू हाय का? भावकीला दावायला बरं."

"फोटू काढू देत न्हाईत, तात्या. पण आमी रिकाम्या वेळात जहाजाची नक्कल करतो. पुढच्या खेपंला घेऊन येतो."

तर अशी मी. लोक नवसानं जन्मतात, मी थापेचा पुरावा म्हणून जन्मले. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्याएवढी मन लावून केलेली थाप तालुक्यात दुसरी नसेल.

कंपनीच्या ऑफिसात एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं चित्र. त्याबरहुकूम नागेशनं मला घडवायला घेतलं. आधी सरळ पट्टीचा कणा. त्यावर मेंढीच्या बरगड्यांसारख्या बरगड्या, बारीक पात्याच्या करवतीनं कापलेल्या. मग पातळ फळ्या गरम पाण्यात भिजवून, हळूहळू वाकवून त्या बरगड्यांवर बसवल्या. फेविकॉल वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचा. त्या दिवसांत नागेशचे धुतलेले कपडे दोरीवरून उडून शेजारच्या कंपनीत जायचे. डोलकाठ्या बांबूच्या, काचपेपरनं घासून टोकाकडं निमुळत्या केलेल्या. तोफा म्हणजे बॉलपेनच्या रिफिलची पितळी टोकं. थापा कितीही मारो, हातानं तो खोटं काम करत नसे. फळी अंगाला नीट बसली नाही तर काढून पुन्हा वाकवायचा.

अंग तयार झाल्यावर मला पोत्यात घालून तो एसटीनं काटेवाडीला निघाला, सुट्टीवर. कंडक्टर म्हणाला, "पोत्यात काय? कोंबडी?"

"जहाज हाय."

"मग वर टाक. खाली पाणी नगं सांडायला."

माझा पहिला प्रवास टपावरून झाला. वारा चांगला होता.

दोर आणि शिडं काटेवाडीत चढली. त्यात सगळं घर कामाला लागलं. शिडांना आबांचा जुना पटका फाडला आणि तो चहाच्या पाण्यात उकळून जुनाट केला. डोलकाठ्या ताणून धरणारे दोर खाली ज्यातून ओवतात, तिथं शर्टाची बटणं लावली, कारण त्यांना भोकं आयती असतात. आबांच्या शर्टांना त्या महिन्यात बटणं उरली नाहीत, ते गावात छाती उघडी टाकून फिरायचे आणि विचारलं की सांगायचे, आरमारात गेली. सगळ्यात जाड दोर आबांनी स्वतःच्या चातीवर लोकर कातून वळला. गाठी मारायलाही तेच बसले. मेंढरं बांधणाऱ्या हाताची गाठ ती, ओढली की बसते आणि हिसका दिला की सुटते.

बारीक दोरासाठी नागेशनं बारामतीहून भरतकामाच्या दोऱ्याच्या मातकट लड्या आणल्या. त्या संपल्यावर पुन्हा गेला आणि या वेळी दुकानातल्या ढिगातून स्वतःच्या हातानं निवडल्या. त्या हिरव्या होत्या. त्याला कळलं नाही. म्हणून माझी डावी बाजू मातकट आणि उजवी हिरवी आहे. साखरबाईंनी बघितलं, पण बोटीचं आपल्याला काय कळतंय, म्हणून त्या गप्प बसल्या. एक दोर मधल्या डोलकाठीवरून निघतो आणि कुठंच जात नाही. कॅलेंडरवर तो ढगात गेलेला होता.

शेवटी नागेश मागं सरून मला बघत म्हणाला, "आबा, आता नांगर तेवढा राहिला. जहाजाला नांगर लागतोय."

नांगर टाकला, नांगर उचलला, हे शब्द त्यानं ऐकलेले होते. पण कॅलेंडरवर माझ्या बहिणीच्या तोंडाशी नेमका महिना आणि तिथी छापलेली होती, त्यामुळं नांगर दिसतो कसा हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"नांगर व्हय?" आबा म्हणाले. "त्यो मी करतो. नांगर काय मला नवा हाय?"

आबा दुपारभर गोठ्यात बसले. बाभळीच्या लाकडाचा नांगर केला. हाळीस, रुमणं, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा फाळ, सगळं जिथल्या तिथं. त्याला उंदीर जुंपले असते तर वाफा नांगरून निघाला असता. तो त्यांनी नागेशच्या तळहातावर ठेवला आणि उभे राहिले. त्यांच्या मिशीचं एक टोक हलत होतं.

ती गंमत होती. तरुणपणी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आबा कोकणात उतरायचे. खाडीच्या काठी त्यांनी गलबतं बघितलेली होती, आणि गलबतावरून दोन नख्यांचा लोखंडी आकडा पाण्यात टाकताना, त्यालाही नांगरच म्हणताना ऐकलेलं होतं. पोरगं आता हसेल, 'आबा, असला न्हाय वो' म्हणेल, मग आपणही हसू, एवढ्यासाठी ते उभे होते.

नागेशनं नांगर फिरवून फिरवून बघितला. म्हणाला, "झकास. आमच्या बोटीवर असतोय अगदी तसाच."

आबांच्या मिशीचं टोक थांबलं. ते बाहेर जाऊन शेळ्यांपाशी बसले. साखरबाई चहा घेऊन गेल्या. माझी जागा खिडकीत, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"पोरगं बोटीवर न्हाय," आबा म्हणाले.

"मग कुठं हाय?"

"त्ये ठावं न्हाय. पन बोट त्यानं बघितल्यालीबी न्हाय."

"त्येच्या कपड्यांना लाकडाचा भुसा असतोय. मागल्या सुट्टीतबी हुता. म्या म्हनलं, बोट लाकडाची आसंल."

"इचारू का त्याला?"

"पाव्हणं येऊन जाऊ द्या. पोराचा जीव गुतलाय त्या पोरीत. मोडलं तर परत सुट्टीवर येईल का न्हाय, सांगता येत न्हाय."

"आन त्येंच्या लेकीला फसवायची व्हय?"

चहा तसाच गार झाला. नागेश आत शीळ घालत माझ्या तोंडाशी नांगर बांधत होता.

पाहुणे सकाळीच आले. सिद्धूतात्या, त्यांची आई भामाबाई आणि मनिषा. बोलणी पक्की करायची म्हणून आले होते. मला घोंगडीवर मधोमध ठेवलं. सिद्धूतात्या माझ्याभोवती उकिडवे फिरले. इतकं कौतुकानं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"ह्यो दोर कुठं जातोय?"

"वाऱ्याकडं," नागेश म्हणाला.

सिद्धूतात्यांनी मान डोलवली. मग भामाबाईंनी चष्मा पुसून पुढं बघितलं आणि विचारलं, "आन ह्यो नांगर रं कशाला? समुद्रात काय पेरता?"

"पेरत न्हाय आजी. बोट थांबवायला असतोय. वरनं सोडायचा, फाळ रुतला की बोट जाग्याला उभी."

"व्हय, पण नांगराला बैल लागत्यात की," सिद्धूतात्या म्हणाले. त्यांचा चेहरा सरळ होता. शेतकरी माणूस, खरोखरच विचारत होता. "बैल कुठं बांधता?"

नागेश अडकला. मी बघत होते. त्यानं गप्प बसावं अशी माझी फार इच्छा होती. पण अडकल्यावर गप्प बसणारा तो माणूस नव्हे.

"आता इंजिनावर चालतोय," तो म्हणाला. "आधी बैल असायचं बोटीवर."

आबा दाराशी बसले होते. आज काही बोलायचं नाही, असं सकाळी साखरबाईंनी त्यांना बजावलं होतं आणि तोवर त्यांनी ते पाळलंही होतं. पण बोटीवरचे बैल ऐकल्यावर त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी खोकल्यासारखं वाटलं. मग ते हसतायत हे कळलं. भिंतीला टेकून, बिनबटणाच्या शर्टाचं टोक तोंडावर धरून ते हसत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. नागेशही कसनुसा हसला, मग त्याचं हसणं विझलं.

आबांनी डोळे पुसले. मग चेहरा सरळ करून म्हणाले, "पाव्हणं, त्यो नांगर म्या केलाय, गमतीनं. जहाजाचा नांगर असला नसतोय, म्या कोकणात बघितलाय. लोखंडाचा आकडा असतोय. पन माझ्या पोराला त्ये ठावं न्हाय, कारण त्यो बोटीवर न्हाय. कवाच न्हवता. आमास्नी थापा मारल्या, आमी ऐकल्या. तुमची लेक थापंवर आनायची न्हाय."

साखरबाई चहाचं आधण ठेवायला म्हणून उठल्या आणि चुलीपाशी तशाच उभ्या राहिल्या.

"मग असतोस कुठं रं?" आबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "सांग की. तुझं बंदर कुठलं?"

नागेश माझ्याकडं बघत म्हणाला, "लोणी देवकर."

"इंदापूरपाशीचं?" भामाबाई म्हणाल्या. "तितं तर माझी भन दिलीया. समुद्र कवा आला तितं?"

सिद्धूतात्या उठले. टोपी झटकली. त्यांनी निम्म्या कन्हेरीत बोटीवरचा जावई म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यामुळं त्यांचं नुकसान या घरातल्या कुणाहूनही जास्त होतं. "चला," ते आईला म्हणाले.

"चहा यायचाय आजून," भामाबाई म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या.

मनिषा माझ्याजवळ सरकली. तिनं माझ्या उजव्या बाजूच्या दोरांवरून बोट फिरवलं, मग डाव्या. दोऱ्यात जन्म गेलेली पोरगी ती.

"ह्या बाजूला हिरवा दोरा का वापरला?"

"हिरवा कुठं? मातकटच हाय की समदा," नागेश म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग तिच्या पिशवीतून दोन लड्या काढून त्याच्यापुढं धरल्या. "ह्यातली तांबडी कुठली?"

नागेशनं बराच वेळ बघितलं. पारावर कधी न अडकणारा माणूस, त्याला दोन लड्यांतून एक उचलता येईना.

"म्हणून घेतलं न्हाय व्हय बोटीवर?"

त्यानं मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "हार घातला हुता गावानं."

त्याच्याकडून आयुष्यात एवढ्या बारीक आवाजातलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"त्ये काय बी असू दे," सिद्धूतात्या दारातून म्हणाले. "बोट न्हाय तर सोयरीक न्हाय."

"बोट हाय तर मी न्हाय," मनिषा म्हणाली.

सिद्धूतात्या मागं फिरले. तेव्हा भामाबाईंनी चष्मा काढून पदरात ठेवला आणि सांगितलं, की पोरगी महिनाभर हेच म्हणतेय. नवरा पाच-पाच महिने पाण्यात, आन हिनं हितं त्येच्या वाटंकडं बघत झंपरं शिवायची. आज सगळ्यांपुढं स्वतःच नाही म्हणणार होती. "तुला सांगून तोंड दुखलं माझं. तू बोटीवरनं खाली उतरतच न्हवतास. बस खाली सिद्धू."

सिद्धूतात्या खाली बसले. आईनं सांगितल्यावर त्यांना दुसरं काही येत नसे.

मनिषा नागेशला म्हणाली, "रोज घरी येता येतं का तितनं?"

"यस्टी हाय संध्याकाळची."

"आजून थापा हायत का? असल्या तर आत्ताच सांगा."

नागेशनं विचार केला. "देवमाशाला कान हायत का न्हाईत, मला ठावं न्हाय."

ती हसली नाही. म्हणजे हसली, पण माझ्या शिडाआड, मला दिसलं. मग तिनं अट घातली. माझा नांगर काढायचा नाही. मी घरात दिसेल अशी ठेवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं नांगराचं विचारलं, की नागेशनं सरळ सांगायचं, मी बोटीवर कधी नव्हतो. एकदाही चुकवायचं नाही. ज्या दिवशी चुकवाल त्या दिवशी मशीन उचलून कन्हेरीला.

नागेश कबूल झाला. त्याच्या दृष्टीनं ही जबर शिक्षा होती. दुसऱ्या कुणाला श्वास धरून जगायला सांगावं तशी. साखरबाईंनी आधणात साखर टाकली आणि त्या दिवशी चहा फार गोड झाला.

लग्न झालं. त्याला आता चार वर्षं होतील. नागेश सकाळच्या एसटीनं लोणी देवकरला जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्या एसटीला काटेवाडीत 'बोट' म्हणतात. 'बोट गेली का रं?' असं स्टँडवर विचारलं तर कुणालाही कळतं. साखरबाईंनी ट्रंकेतले दुबईचे साबण सुनेला दिले. तिनं वापरून बघितले आणि इंदापूरचे चांगले असतात म्हणाली.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे, ते आता सांगते.

नागेशनं अट पाळली. अगदी काटेकोर पाळली. अडचण दुसरीकडून आली. सिद्धूतात्यांना कन्हेरीत तोंड दाखवायचं होतं. त्यांनी तिथं सांगितलं, की जावयानं बोट सोडली. का सोडली? तर आमच्या लेकीला एकटं राहायला नको म्हणून. एवढी मोठी बोट, एवढा कप्तान हात जोडत होता, तरी सोडली. ही गोष्ट कन्हेरीतून निघून काटेवाडीला आली, तोवर तिला कप्तानाची बायकोही लागली होती, ती रडत होती.

मग बायामाणसं मला बघायला यायला लागली. नांगर बघितला की विचारायची. नागेश सरळ सांगायचा, "मावशी, मी बोटीवर कवाच न्हवतो. डोळ्यांच्या तपासणीत बाद झालो. त्यो नांगर आबांनी गमतीनं केलाय."

मावशी पदर तोंडाला लावून म्हणायची, "किती साधा गं माणूस. एवढं सोडून आला, पन मोठेपना न्हाय."

पहिल्यांदा नागेश चिडला. शपथा घ्यायला लागला. जितक्या शपथा घेतल्या तितकं लोकांना खात्रीचं वाटायला लागलं. इतकी वर्षं खोटं सांगितलं तेव्हा विश्वास ठेवणारी हीच माणसं, आता खरं सांगतोय तर एक जण ऐकेल तर शपथ. आबा म्हणतात, "आता एक थाप मार, बघ कुणी खरं मानतंय का." पण ती सोय मनिषानं ठेवलेली नाही.

मागच्या शिवजयंतीला तर कहर झाला. सिद्धूतात्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवत कन्हेरीला नेलं. मांडवात मध्ये ठेवलं आणि नागेशला माइकपुढं उभं केलं, 'आरमाराचे जाणकार' म्हणून. मनिषा पुढंच बसली होती. नागेशनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुंबई, ठिपके, हार, खोकी, बोटीवरचे बैल, काही सोडलं नाही. आयुष्यात इतकं खरं तो एका दमात कधी बोललेला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. एक म्हातारे उठून म्हणाले, असा नम्र माणूस आपण पाहिला नाही, पुढच्या वर्षीही पाहुणे म्हणून यांनाच बोलवावं. मंजूर झालं.

परतताना ट्रॉलीत नागेश मला मांडीवर धरून बसला होता. मनिषा म्हणाली, "तुमी सांगितलं न्हवं? मग झालं. मी ऐकलं." नागेशनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

सध्या मी खिडकीत आहे. शिडं जरा पिवळी पडलीत, चहाचा रंग तेवढाच पक्का होता. कोळ्यानं हिरव्या बाजूला एक जास्तीचा दोर बांधून दिलाय, तो मात्र दोन्हीकडं पोचतो. मला पाण्याची हौस नाही. पोटातलं छत्रीचं चित्र मी विसरलेले नाही, त्यामुळं कुणी हौसेनं मला उजनीच्या पाण्यात सोडायचं काढलं तर कृपा करून आडवे या.

आणि काटेवाडीकडं आलात तर माझ्या धन्याचं एक काम करा. तो सांगेल ते सगळं ऐकून घ्या आणि शेवटी नुसतं म्हणा, 'बरं, पटलं.' त्याला एवढंच हवंय. तुम्हाला हे सगळं मी आधीच सांगून ठेवलं म्हणजे तुम्हाला पटायला हरकत नाही. फक्त हे कुणाकडून कळलं असं त्यानं विचारलं, तर माझं नाव घेऊ नका. लाकडाच्या गुराबेनं सांगितलं म्हणालात, तर तो तुम्हालाच थापाडे म्हणेल.